अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत मैदानात उतरावं का? नागपूरकर फुटबॉलवाल्यांनो, सांगा

डावखुरा_अजनी

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचून राहिलो होतो, आज पहिल्यांदाच लिहितो आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ४८. लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, बाबा रेल्वेत फिटर होते. १९८६ चा वर्ल्डकप आला तेव्हा मला नववं वर्ष लागलेलं होतं आणि आमच्या अख्ख्या लाईनीत टीव्ही एकाच घरी होता, ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी शटरवाला. २२ जून, रविवार, रात्री साडेअकराला अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. आपल्याकडे शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात त्यामुळे पोट्ट्यांना झोपा म्हणणारं कोणी नव्हतं. टीव्ही ओढून दारात आणलेला, अंगणात सतरंज्या, पाऊस अजून आला नव्हता आणि घामाने सगळ्यांचे बनियान पाठीला चिकटलेले. मॅराडोनाचा तो हाताने मारलेला गोल आम्हाला कळलाच नाही, हेडर आहे असंच वाटलं, मोठी माणसं मात्र आपसात भांडायला लागली. ते भांडण चालू असतानाच चार मिनिटांत दुसरा गोल झाला. आपल्याच हाफमधून बॉल घेतला, तिथल्या तिथे गिरकी मारली आणि मग एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, शेवटी गोलकीपरला पण बाजूला टाकून डाव्या पायाने आत. अंगणात दोन सेकंद कोणी काही बोललंच नाही.

मी डावखुरा. डाव्या हाताने घास घेतला की आजी हातावर फटका मारायची. डावं असणं ही चांगली गोष्ट असू शकते हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगतो, तेव्हापासून आजपर्यंत फुटबॉल काही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत सगळे मॅराडोना झाले होते. आधी प्लास्टिकचा बॉल, मग दिवाळीला सगळ्यांनी पैसे काढून सीताबर्डीहून चामड्याचा आणला. ज्यांनी तो बॉल खेळला असेल त्यांना आठवत असेल, आत रबरी ब्लॅडर, तोंडाला वादी, ब्लॅडर फुटला की वादी उसवून नवीन घालायचा आणि चावीने ओढून परत बांधायची. पावसाळ्यात तो बॉल पाणी प्यायचा आणि इतका जड व्हायचा की हेडर मारला की कान वाजायचे, वादीची गाठ कपाळावर लागली तर तिचा ठसा उमटायचा. खेळून झालं की चुलीच्या बाजूला, पण फार जवळ नाही, अशा अंतरावर वाळवत ठेवायचा आणि मग तेल चोळायचं. हे काम माझ्याकडे होतं, कारण बॉल ठेवायला आमच्या घरी जागा होती. रात्री खाटेखाली असायचा, चामड्याचा तो वास मला अजूनही झोपेत येतो.

मॅराडोना इटलीतल्या नापोली क्लबकडून खेळतो हे समजल्यावर मी नापोलीवाला झालो. तेव्हा ना केबल होती ना नेट. पेपरमध्ये खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात दोन ओळी यायच्या, त्या कापून मी वहीत चिकटवायचो. १९८७ ला नापोलीने पहिल्यांदा लीग जिंकली ती मी अशी दोन ओळींत जिंकलो. १९९० ला दुसऱ्यांदा जिंकली, त्याच उन्हाळ्यात वर्ल्डकपच्या फायनलला ८५ व्या मिनिटाला जर्मनीच्या ब्रेमेने पेनल्टी मारली आणि अर्जेंटिना हरली. बाबांना पहाटे ड्युटीवर जायचं होतं तरी ते माझ्या बाजूला बसून राहिले होते. काही बोलले नाहीत, फक्त पाणी आणून दिलं.

मग स्वप्न. बारावीत होतो, १९९४ ची थंडी. जिल्ह्याच्या ज्युनिअर टीमच्या ट्रायल होत्या, तीन दिवस. मी लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेने पुढे खेळणारा. तिसऱ्या दिवशी यादी लावली, टाईप केलेल्या कागदाची कार्बन कॉपी होती, निळी, फिकट, २२ नावं, त्यातलं एकोणिसावं माझं. आडनाव चुकीचं लिहिलं होतं तरी मी ते बोटाने पुसून पुसून पाहिलं. कॅम्प होता जानेवारी-फेब्रुवारीत आणि त्याच दिवसांत बारावीची प्रॅक्टिकल्स. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, "रेल्वेत खेळाच्या कोट्यातून नोकरी लागते, पण जी पोरं राज्याकडून खेळतात त्यांना. तू एकोणिसावा आहेस. आधी नोकरी लागू दे, मग खेळ." त्यांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही, घरात तिघं शिकणारे होतो. कॅम्पला गेलो नाही. नोकरी लागली, बँकेत, पहिली पोस्टिंग गडचिरोली जिल्ह्यात, आणि मग खेळ राहून गेला.

पाहणं मात्र एक दिवस थांबवलं नाही. ५ मे २०२३ ला रात्री सव्वाबाराची मॅच, कूलरसमोर मी एकटा, नापोली उदिनेजेला १-१, ओसिमेनचा गोल, आणि ३३ वर्षांनी लीग परत जिंकली. घरातले सगळे झोपलेले. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आनंद इतका झाला होता आणि सांगायला रस्त्यावर एक कुत्रं पण जागं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. मुलगी तेरा वर्षांची आहे. २०२२ ची फायनल आम्ही दोघांनी मिळून पाहिली, १८ डिसेंबर, रविवार. अर्जेंटिनाच्या मॉन्टिएलने शेवटची पेनल्टी मारली तेव्हा मी रडलो, आणि तिने विचारलं, "बाबा, तुम्ही पण खेळायचे ना? मग सोडलं काऊन?" मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं झाली, ते तसंच आहे. दोन महिन्यांपूर्वी सकाळी फिरायला गेलो तिथे पोरं खेळून राहिली होती, बॉल घरंगळत माझ्याकडे आला, मी डाव्या पायाने मारला. सरळ त्या पोराच्या पायात गेला, चाळीस मीटर तरी असेल. पायाला सगळं आठवत होतं हो. तेव्हापासून रोज एकच विचार डोक्यात आहे.

उजवा गुडघा जिने उतरताना दुखतो. वजन ८१. बीपीची गोळी नाही. बायको म्हणते हात-पाय मोडून घ्याल आणि महिनाभर घरी बसाल, तिची काळजी खरी आहे. या वयात सुरू करता येतं का, आणि नागपुरात माझ्या वयाचे लोक कुठे खेळतात?

कन्हानकाठ

भाऊ, वाचता वाचता अंगावर काटा आला. चामड्याच्या बॉलची ती वादी! आमच्या अब्बांकडे ती ओढायची लोखंडी चावी अजून आहे, कपाटात, कागदपत्रांच्या डब्यात ठेवली आहे.

मी कामठीचा. आमच्याकडे छावणी १८२१ पासूनची, गोऱ्या पलटणींचा खेळ गल्लीत कधी उतरला ते कोणालाच सांगता येत नाही, पण आज पण कामठीत पोट्टं चालायला लागलं की पहिले त्याच्या पायासमोर बॉल येतो, बॅट नंतर. रब्बानी क्लबचं नाव तर तुम्ही ऐकलंच असेल, नागपूरच्या लीगमध्ये कामठीची टीम असली की आमच्याकडून लोक बसने, स्कुटरने, जसं जमेल तसं यशवंत स्टेडियमला जायचे. मी लहान असताना अब्बांच्या सायकलच्या दांड्यावर बसून गेलो आहे, सोळा-सतरा किलोमीटर, येताना अंधारात. हरलो असलो तर पूर्ण रस्ता ते एक शब्द बोलायचे नाही आणि जिंकलो तर प्रत्येक गोल मला परत परत सांगायचे, जसं काही मी तिथे नव्हतोच.

आता तुमच्या प्रश्नाचं. खेळता येते. आम्ही दर रविवारी सकाळी सहाला खेळतो, सगळे चाळिशीच्या वरचे, सर्वात मोठे एकसष्ट वर्षांचे आहेत, रिटायर्ड मास्तर. सात-सात जणांच्या टीम, मैदान आडवं वापरतो म्हणजे धावायला कमी पडते, वीस मिनिटांचे दोन हाफ. स्लायडिंग टॅकल बंद, मागून धक्का बंद. कोणी दमला तर हात वर करतो आणि बाहेर बसतो, दहा मिनिटांनी परत आत, त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नाही. पहिले दोन रविवार नुसते येऊन बसा, चहा प्या, मन झालं तर शेवटची दहा मिनिटं खेळा.

आणि ते एकोणिसाव्या नंबरचं म्हणाल तर, आमच्यात बावीसच्या यादीत कधीच नाव न आलेले पाच जण आहेत. त्यांना तुमची गोष्ट वाचून दाखवतो.

फिजिओ_धंतोली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चाळिशीनंतर परत खेळायला लागलेले बरेच पेशंट पाहते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. खेळा, जरूर खेळा, पण आजच्या आज नाही.

पहिलं काम हृदयाचं. गुडघ्याची भीती सगळ्यांना वाटते आणि छातीची कोणालाच नाही. २०२१ च्या युरो कपमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन मॅच चालू असताना कोसळला होता, वय २९, रोज डॉक्टरांच्या नजरेखाली असलेला खेळाडू. मैदानावर लगेच सीपीआर मिळाला म्हणून वाचला. तुम्ही पंचवीस-तीस वर्षांत पळालेला नाहीत, त्यामुळे आधी फिजिशियनकडे जाऊन ईसीजी, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, शुगर, बीपी एवढं करून घ्या. घरात कोणाला कमी वयात अटॅक आला असेल तर ते आठवणीने सांगा.

जिने उतरताना दुखतो तो गुडघा बऱ्याचदा वाटीच्या मागचा असतो आणि मांडीचे, कुल्ह्याचे स्नायू कमजोर झालेले असतात. बरेचदा व्यायामाने सुधारतो. पण गुडघा अडकत असेल, सुजत असेल किंवा वळताना निसटल्यासारखा वाटत असेल तर दाखवल्याशिवाय बॉलला पाय लावू नका. सहा आठवडे तयारीचे धरा. आधी झपाझप चालणं, मग दोन मिनिटं पळणं दोन मिनिटं चालणं, सोबत खुर्चीवरून उठबस, एका पायावर उभं राहणं, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. हे शेवटचं पोटरीसाठी, कारण या वयात पहिली जाते ती पोटरी. पेशंट मला सांगतात की मागून कोणीतरी दगड मारला असं वाटलं, मागे वळून पाहिलं तर कोणी नव्हतं.

फिफाचा एक वॉर्मअप आहे, इलेव्हन प्लस नावाचा, तीन भागांत पंधरा व्यायाम, वीस मिनिटं लागतात, व्हिडिओ फुकट मिळतात. मैदानावर पोचून दोनदा हात हलवले आणि लागले धावायला असं करू नका, तो वीस मिनिटांचा वॉर्मअप हा खेळाचाच भाग धरा.

अजून एक आपल्या नागपूरचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत बुटाच्या तळाचा स्टड अडकला की पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो, मी पाहिलेल्या लिगामेंटच्या केसेसमध्ये हे सतत येतं. लांब स्टडचे बूट घेऊ नका, टर्फवर वापरतात ते बारीक रबरी ठिपक्यांचे घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये सात वाजले की बंद, पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या शहरात उन्हाशी हट्ट करायचा नाही.

तुमच्या मिसेसना हे वाचायला द्या.

सदरची_नंबर_सात

दादा, तुमची मुलगी खेळते का? तुम्ही सगळं लिहिलं, हे नाही लिहिलं.

मी ३६ ची. शाळेत मुलींची फुटबॉल टीम नव्हती. मी पाचवी ते आठवी मुलांसोबत खेळले, सदरमध्ये मैदानांची तेव्हा काही कमी नव्हती, शाळा सुटली की दप्तरांचे दोन ढीग म्हणजे गोलपोस्ट. आठवीनंतर एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की मी मुलगी आहे. आईने काही बंदी घातली नाही, फक्त संध्याकाळची कामं हळूहळू वाढत गेली, कधी पाणी भरायचं, कधी भावाला आणायचं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की पूर्ण महिना झाला आपण खेळलोच नाही. तुमच्यासारखी यादी नव्हती, कागद नव्हता, कोणी नाही म्हटलं असंही नाही. माझ्याकडे दाखवायला असं काहीच नाही, म्हणून मला बराच काळ वाटायचं की माझं काही गेलंच नाही.

नोकरीला लागल्यावर मी रविवारी वस्तीतल्या मुलींना शिकवायला लागले. याची सुरुवात मला आपल्याच गावातल्या माणसामुळे सुचली. विजय बारसे सर, हिस्लॉप कॉलेजचे खेळाचे शिक्षक. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली आणि त्यातून २००१ मध्ये स्लम सॉकर उभं राहिलं. त्या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. नागपूरच्या संस्थेला, फिफाचा! ही गोष्ट आपल्या शहरात पोह्यांच्या प्रत्येक ठेल्यावर माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं.

माझ्याकडे चौदा मुली येतात. २०२५ च्या ५ जुलैला आपल्या बायकांच्या टीमने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून आशियाई कपला गेली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मी मोबाईलवर ते गोल सगळ्यांना दाखवले. एक मुलगी म्हणाली, ताई परत लावा, गोल नाही, गोल झाल्यावर त्या कशा पळत जातात ते.

तर दादा, तुम्ही खेळाच, पण मुलीला विचारा. तुमचं राहिलेलं पूर्ण करायला म्हणून नको, तिला नुसतं विचारा तुला यायचं का, आणि नाही म्हणाली तर तिथे थांबा. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचाच पाच नंबरचा बॉल चालतो, तुमच्या दोघांत एकच बॉल पुरेल.

विदर्भ_एक्सप्रेस_एस५

मला जरा वेगळं वाटतं म्हणून लिहितो, वाईट वाटून घेऊ नका.

माझं वय ५७, मी कधी चांगला खेळलोच नाही. शाळेच्या टीममध्ये पण नव्हतो. पण फुटबॉल माझा तितकाच आहे जितका खेळणाऱ्याचा. "स्वप्न राहून गेलं" ही भाषा मला पटत नाही, जसं काही पाहणारा हा अर्धा माणूस. तुम्ही दोन ओळींची कात्रणं कापून नापोली पाहिली, ३३ वर्षं वाट पाहिली, याला मी खेळणंच म्हणतो.

२०१८ ची गोष्ट सांगतो. मुंबईत चार देशांची इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धा होती. पहिल्या मॅचला भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये अडीच हजारांच्या आसपास लोक. दुसऱ्या दिवशी, २ जूनला, छेत्रीने व्हिडिओ टाकला, हात जोडून, की स्टेडियममध्ये या, शिव्या द्यायच्या तर तिथे येऊन द्या, पण या. मी तो व्हिडिओ ऑफिसमधून घरी येताना पाहिला आणि गाडी बाजूला लावून पाचदा पाहिला. भारताच्या कॅप्टनवर हात जोडायची वेळ यावी! रविवारी विदर्भ एक्सप्रेस पकडली, रिझर्वेशन नव्हतं, टीसीला खरं कारण सांगितलं तर त्याने बडनेऱ्यानंतर एक बर्थ दिला. सोमवारी रात्री अंधेरीला मॅच, केनिया समोर, छेत्रीची शंभरावी. पाऊस असा की समोरचा गोलपोस्ट दिसेना, स्टेडियम खच्चून भरलेलं, कोणी जागचं हललं नाही. हाफटाईमला ०-०. मग पेनल्टीवर छेत्री, जेजे, आणि शेवटी परत छेत्री, ३-०. माझा आवाज तीन दिवस गेला होता. मंगळवारी तसाच ऑफिसला जाऊन बसलो, पाकीट, रुमाल, तिकीट सगळं ओलं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की टीव्हीवर नापोली पाहता तसं इथल्या लीगची मॅच पण पाहायला जा. नागपूरची लीग असते तेव्हा कित्येकदा स्टँडमध्ये बोटावर मोजण्याइतके लोक असतात, त्यात अर्धे खेळणाऱ्यांचे भाऊ. वीस वर्षांचं पोरगं विंगवरून पळते आणि टाळ्या वाजवायला कोणी नसते. तुमच्या वेळी त्या ट्रायलच्या तीन दिवसांत बाहेर उभं राहून कोणी तुमचं नाव घेऊन ओरडलं असतं तर?

खेळायचं तर खेळा, गुडघा सांभाळा. पण त्या पोरांना पण बघा.

रंकाळा_कट्टा

कोल्हापूरवरनं लिहितोय. वरच्या काकांना सांगतो, आमच्याकडं या एकदा, शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच बघा. बसायला जागा मिळाली तर नशीब म्हणायचं. आमच्याकडं टीम म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ, जन्माला आलं की टीम ठरलेली. माझ्या आजीला ऑफसाईड कळतंय, आणि रेफरीचं चुकलं की ती पहिली उभी राहती.

अनिकेत जाधव आमचा, २०१७ ला भारतात अंडर-सतरा वर्ल्डकप झाला त्यात भारताकडनं खेळला. त्या दिवशी गल्लीत स्क्रीन लावला होता आणि शेजारचं पाच वर्षांचं पोरगं स्क्रीनजवळ जाऊन त्याच्या पायाला हात लावून आलं.

अजनीवाल्या भावा, लेफ्ट आऊट मिळत नाही हो कुठं, डाव्या पायाचा माणूस म्हणजे सोनं. आमच्याकडं असतास तर ४८ काय, ५८ ला पण बोलवून नेला असता. खेळ तू.

फक्की_आणि_शिट्टी

थोडक्यात लिहितो. मी रेफरी आहे, मीही एका यादीत नाव न आलेला. पंचवीस वर्षांचा असताना शिट्टी घेतली आणि त्यामुळे मैदान सुटलं नाही. लहान मुलांच्या मॅचना माणसं कमी पडतात, सकाळी पाचला येऊन फक्की (चुन्याच्या रेषा) मारायला, नेट बांधायला, बॉल बाहेर गेला की आणायला. गुडघा बरा होईस्तोवर सहा आठवडे आहेत ना, तेवढ्यात हे करा. पेनल्टी एरियाच्या रेषा सरळ मारायला जमल्या की सांगा, साधं काम नाही ते. दोरी ताणून धरणारा दुसरा माणूस पाहिजे, मुलीला घेऊन या.

डावखुरा_अजनी

सगळ्यांना उत्तर द्यायला दोन महिने लागले, माफी असावी. आधी करायचं आणि मग लिहायचं असं ठरवलं होतं.

फिजिओ मॅडम, सगळ्या टेस्ट केल्या, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली, शुगर काठावर आहे ती डॉक्टरांनी बघतो म्हटलं आहे. तुमचं उत्तर बायकोने स्वतः वाचलं आणि आता टाचा वर-खाली केल्या की नाही ते रोज तीच विचारते. पायरीवर ती मोजते, मी करतो. वजन ७७.

सदरच्या ताई, तुमचं वाचून मी दोन दिवस गप्प होतो. तीन वर्षं मी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो आणि तिला उलटा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. विचारलं. ती म्हणाली, "खेळायचं नाही, पण तुम्ही खेळता ते बघायचं आहे." मी तिथेच थांबलो, तुम्ही सांगितलं तसं. मग तिने फक्कीवाल्या भाऊंचं उत्तर वाचलं आणि दोरी धरायला यायला तयार झाली. तीन रविवार आम्ही दोघं सकाळी साडेपाचला रेषा मारायला गेलो. तिचे हात, भुवया सगळं पांढरं व्हायचं. तिसऱ्या रविवारी रेषा झाल्या, मुलं अजून आली नव्हती, बॉल मैदानाच्या मधल्या वर्तुळात पडलेला होता. ती इकडेतिकडे पाहत त्याच्याजवळ गेली आणि तिने मारला. मी चुन्याच्या घमेल्याजवळ होतो. डाव्या पायाने मारला, आणि ती तर सगळं उजव्या हाताने करते. मी काही बोललो नाही.

एक्सप्रेसवाले काका, तुमच्याशी भांडायचं होतं पण जमलं नाही. एका शनिवारी लीगची मॅच पाहायला गेलो. डाव्या विंगवर एक सडपातळ पोरगं होतं, त्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून "अकरा नंबर, अकरा नंबर" असं ओरडत बसलो. मॅच संपल्यावर त्याने मान वर करून स्टँडमध्ये पाहिलं.

आणि मागच्या रविवारी कामठी. गेल्याबरोबर मास्तरांनी ती वादी ओढायची चावी माझ्या हातात दिली, कन्हानकाठ भाऊंनी अब्बांकडून मुद्दाम आणली होती. लोखंडाची, टोकाशी वाकलेली, मधोमध हात लागून लागून गुळगुळीत झालेली. वॉर्मअपला वीस मिनिटं, मग शेवटच्या हाफला उतरलो. पहिल्या पाच मिनिटांत दम लागला, हात वर केला, बाहेर बसलो, परत आत गेलो. एक बॉल मला सोडून पुढे निघून गेला, एक मी चुकीच्या माणसाला दिला. मग डावीकडे रेषेजवळ एक मिळाला. समोरच्याला चुकवायला गेलो नाही, तेवढा पाय आता नाही. तिथूनच उचलून मारला, दूरच्या पोस्टवर. मास्तर तिथे होते, एकसष्ट वर्षांचे, त्यांनी हेडर घेतला आणि बॉल बारवरून गेला. ते माझ्याकडे वळून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. पलीकडे स्कुटरवर बसून मुलगी पण.

गुडघा ठीक आहे. पोटरी थोडी आखडली होती, बर्फ लावला.

आता सांगा, ते ठिपक्यांचे बूट कुठे बरे मिळतील? सीताबर्डीतली जुनी दुकानं अजून ठेवतात का? एक जोडी आठ नंबर आणि एक पाच नंबर लागेल.

कन्हानकाठ

शनिवारी मी पण सीताबर्डीला येऊन राहिलो, सोबत जाऊ. जाड मोजे घालून या, बूट त्यावरच मापून घ्यावे लागतात. आणि रविवारी सहाच्या ऐवजी पावणेसहाला या, मास्तर म्हणून राहिले डावीकडून तसाच बॉल अजून दहा वेळा टाकून द्या, एक तरी आत घालतो.